खड्डा बुजवताना

पालच्या वर, अंजनाच्या रानात
पहिला खड्डा वीतभरच गेला.
टिकाव खडकावर वाजला तसा जुम्मा तडवी हसला,
"मॅडम, इथं माती कमी, झाडच जास्त."
मी तक्ता भरला: खोली बावीस सेंटिमीटर, मुरमाड, उतार तीव्र.
झाडासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

त्यानं बोटभर रोप दाखवलं.
पानं जोडीनं, देठाशी चिकटलेली,
एकाच पानाला कुणी कात्री लावावी आणि मधेच थांबावं, तशी.
"हे सात वर्षांचं," म्हणाला.
"वर दरसाल मरतं. चैत आला की नुसती काडी.
खाली चाललेलंच असतं त्याचं."
मी फटीत सळई घातली. हातभर गेली, अडली.
मूळ तिच्याही पुढे होतं.
खडक फोडत नव्हतं ते,
खडक तडकायची वाट बघत होतं.

खड्डा बुजवला तर माती पुरली नाही.
वाऱ्यानं नेली, की आमच्या पायांनी, कोण जाणे.
जुम्मानं वरून पालापाचोळा ओढला.

सालई संपते तिथे गोट्यांचा पट्टा.
बाजाराहून थकून येणारा माणूस
वाटेत एकेक पिशवी खाली ठेवतो,
तसे डोंगरानं आधी धोंडे ठेवलेले, मग गोटे, मग रेती.
सुकीचं पाणी इथे बोलता बोलता गप्प होतं.
वर दोन-चार पळस, तेही खुरटे.
खाली दोनशे फुटांवर कुणाच्या बोअरमध्ये
तेच पाणी निघेल
आणि तो म्हणेल, माझं.

रावेरच्या अलीकडे काळी लागली.
मीटरभर खणलं, दीड मीटर, तरी काळीच.
मी ओल्या मातीची वळी केली,
वळीची अंगठी केली, तडकली नाही.
चुडामण भंगाळे केळीच्या ओळीतून वाकून आले,
"काय पाहून राह्यले ताई, मातीत?"
मुळं, मी म्हटलं.
एवढी खोल जमीन, आणि केळीची मुळं
वरच्या हातभर थरातच, नळीच्या थेंबाभोवती गोळा झालेली.
ज्याला ताटात मिळतं
ते कशाला खाली उतरेल?
हे मी बोलले नाही. भंगाळ्यांनी घड तोडून दिला होता.

इथे माती उरली. बुजवून वर उंचवटा राहिला,
जुम्मानं तो पायानं दाबला, तरी राहिलाच.

पाटाच्या खालच्या अंगाला चोपण.
वर पांढरी पापडी, पाऊल टाकलं की कुरकुरते.
आम्लाचा थेंब टाकला, माती फसफसली.
जुम्मानं चिमूट जिभेवर ठेवून थुंकली
आणि वेड्या बाभळीकडे बोट केलं,
"तिला विचारायचं ना. बाटली कशाला?"

शेवटचा खड्डा खणावाच लागला नाही.
तापीनं दरड कापून ठेवली होती,
दोन पुरुष उंच, थरावर थर:
पिवळा गाळ, काळा गाळ, बारीक रेतीची रेघ,
आणि छातीच्या उंचीवर कोळशाचा पट्टा,
कुठल्या तरी वर्षी वरचं रान जळलं त्याचा.
जुम्मानं नखानं उकरून एक कण काढला,
उन्हात फिरवला.
"हे आमच्या वरचं आहे."
मी पिशवीवर नंबर टाकला, तारीख टाकली.
'ठिकाण' या शब्दापुढे पेन थांबलं.
मग लिहिलं: तापीकाठ.
तक्ता रिकामा ठेवला तर साहेब परत पाठवतात.

संध्याकाळी पालच्या गाडीला तो एकटा चढला.
चपलांना नदीचा गाळ, बोटभर जाड.
कंडक्टर ओरडला, "झटक ना भाऊ, बाहेर."
जुम्मानं पाय नुसते सीटखाली ओढून घेतले.
गाडी घाटाकडे वळली.
मला आठवलं, धोतऱ्याचं की कशाचं तरी काटेरी बी
त्या गाळात रुतलेलं दुपारी दिसलं होतं.
सांगायचं राहून गेलं.